दाणी साहेबांची दुसरी खुर्ची

दाणी साहेब चहा उभ्याने प्यायचे. बसलं की उठावं लागतं आणि उठण्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. चहा बशीत ओतूनच प्यायचे, कपात निवेपर्यंत कोण थांबणार. चपला काढल्या की लगेच फिरवून ठेवायचे, बोटं दाराकडे, म्हणजे निघताना वळायला नको. देवळात प्रदक्षिणा घालत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देव समोरून दिसतोय ना गिरजाबाई, मग मागून कशाला बघायचा?"

अशा गोष्टींचं हसू यायचं. सुरुवातीला मलाही यायचं.

साहेब गेले तेव्हा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. जो उठला तो शिस्तीबद्दल बोलला. साहेबांनी गणपतीच्या आरत्या कशा वेळेत बसवल्या, पंगतीत वाढणाऱ्यांची वाट कशी आखून दिली, बायकोचा लहानसा दवाखाना इंद्रपुरीत सगळ्यात जास्त चालणारा कसा करून दाखवला. बायकोचं नाव एकाने घेतलं, तेही चुकीचं. नंतर मंडळाचे सेक्रेटरी माझ्या घरी आले. म्हणाले, स्मरणिका काढतोय, तुम्ही त्यांच्या दवाखान्यात सगळ्यांत जास्त वर्षं होतात, काही लिहा. मी म्हटलं, मी चौथी पास बाई, मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, जसं येतं तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीसाठी या हिंदी मुलखात आलो. माझा नवरा टाउनशिपच्या मोठ्या कारखान्यात वेल्डर होता. दाणी साहेबांना मी आधी त्याच्या तोंडून ओळखत होते. साहेब त्याच कारखान्यात इंजिनीअर, पण मशीन चालवणारे नाहीत आणि दुरुस्त करणारेही नाहीत. कामगाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढंच त्यांचं काम. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच. कामगार त्यांना 'घड़ीवाले साहब' म्हणायचे. ते मागे येऊन उभे राहिले की सगळ्यांचे हात जड व्हायचे, कारण साहेब जो वेळ लिहून नेतील तोच पुढे बांधून मिळायचा. साहेबांनाही हे ठाऊक होतं. म्हणून ते खांबाआडून मोजायचे. नवऱ्याला त्यांचा राग नव्हता. तो म्हणायचा, "माणूस वाईट नाही. पण त्याला माणूस दिसत नाही, हात तेवढे दिसतात."

नवरा हार्टने अचानक गेला आणि मी कामाला लागले. काम मिळालं ते याच साहेबांच्या घरी, तळमजल्यावर त्यांच्या बायकोचा दातांचा दवाखाना होता तिथे. डॉक्टर सुमती दाणी. माहेरच्या उज्जैनच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. हत्यारं उकळायची, ट्रे लावायचा, पेशंटच्या गळ्यात कापड बांधायचं, थुंकायचं भांडं धुवायचं, हे माझं काम.

मॅडमचं काम करायचं एक ठरलेलं वळण होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेशंट खुर्चीत बसला की त्या आधी त्याच्या तोंडात बघत नसत. कारखान्यात कुठल्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात आहात, आज कुठली पाळी, घरी कोण आहे, असं विचारायच्या. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतोच, त्यात त्यांना अर्धं दिसून जायचं. मग बधिर करायचं इंजेक्शन. आणि इंजेक्शन दिल्यावर त्या थांबायच्या. उठून जायच्या नाहीत, तिथेच स्टुलावर. तळहात त्याच्या गालाला लावून ठेवायच्या. म्हणायच्या, "सावकाश. घाई नाही." हिंदीवाल्यांना म्हणायच्या, "आराम से भैया, कोई जल्दी नहीं।" ओठ पूर्ण बधिर झाला असं पेशंटने स्वतः सांगितल्याशिवाय चिमटा हातात घ्यायच्या नाहीत. कोणाला लवकर चढायचं, कोणाला फार उशिरा. कारखान्यातले पान-तमाखूवाले दांडगे गडी, आगीजवळ उभे राहणारे, या खुर्चीत लहान पोरांसारखे हात घट्ट धरून बसायचे आणि मग हळूहळू सोडायचे. मी ते हात बघत असे. हात सुटले की मॅडम उठायच्या.

दुपारी पहिली पाळी सुटल्यावर गर्दी व्हायची. लोक व्हरांड्यात बसून राहायचे, कंटाळायचे, कधी भांडायचे. पण जात नसत. हातगाडीवर भाजी विकणारी बाईसुद्धा म्हणायची, डॉक्टरनी देर लगाती है, पर रुलाती नहीं.

साहेब त्या दिवसांत दवाखान्यात पाऊल टाकत नसत. येता-जाता व्हरांड्यातल्या गर्दीकडे असं बघायचे, जसं कोणी गळणाऱ्या नळाकडे बघतं.

मग कारखान्यात माणसं कमी करायची वेळ आली. व्हीआरएस निघाली. लोक सांगत की कुठल्या शॉपमध्ये किती हात जास्तीचे आहेत ते काढून देण्यात साहेबांचा मोठा वाटा होता. ते काम झालं आणि मग वरच्यांच्या लक्षात आलं की आता मोजायला फारसं उरलं नाही, तेव्हा मोजणारेही जास्तीचेच. साहेबांना कागदावर सही करायला सांगितलं. यावर ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीही यापलीकडे लिहीत नाही. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. द्यायला दुसरं काही सुचलं नसावं. साहेबांनी ते घरात लावलं नाही. दवाखान्यात लावलं, खुर्चीसमोरच्या भिंतीवर, म्हणजे मॅडमनी मान वर केली की आधी तेच दिसावं.

दुसऱ्या आठवड्यात ते कोपऱ्यात स्टूल टाकून बसू लागले. गळ्यात स्टॉपवॉच होतंच. ते कारखान्याचं होतं की त्यांचं स्वतःचं, मला माहीत नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी हसून विचारलं, "तुम्ही काय माझं पण मोजणार आहात का?" साहेब म्हणाले, "तू काम कर. मी नाहीच असं समज."

मी खोटं लिहिणार नाही. साहेबांनी जे आधी केलं त्याने माझं भलं झालं. हत्यारं उकळायचं भांडं एका टोकाला होतं आणि ट्रे दुसऱ्या टोकाला. दिवसभर मी येरझाऱ्या घालायची. साहेबांनी दोन्ही जवळ आणलं. माझे पाय दुखायचे थांबले. भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढला. हे कारखान्यातलं. वस्तू परत जागेवर गेली नाही की रिकामा आकार दिसायचा. आत्तापर्यंत मॅडमचा एक चिमटा रोज हरवायचा, तो हरवायचा थांबला. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, बादली इथे, केराचा डबा इथे. पेशंटला वेळ देऊन बोलवायची पद्धत सुरू केली. व्हरांड्यातली भांडणं मिटली. लोक खूश, मीही खूश. मॅडमनी त्यांच्यासाठी एके रविवारी पुरणपोळ्या केल्या. साहेबांनी त्या उभ्यानेच खाल्ल्या.

साहेब इथे थांबले असते तर मी आज सभेतल्यासारखंच लिहिलं असतं.

पण त्यांचा एक आवडता शब्दच होता, 'रिकामा हात'. मला म्हणायचे, "गिरजाबाई, रिकामा हात दिसतो आहे." मॅडमच्या बाबतीत त्यांना जो रिकामा हात सापडला तो गालावर ठेवलेला हात होता. पाटीवर आकडे मांडून त्यांनी मॅडमना दाखवलं की तुझ्या दिवसातला एवढा भाग थांबण्यात जातो आणि एवढा गप्पांत. मॅडम म्हणाल्या, "त्या गप्पा नाहीत." साहेब म्हणाले, "मग हात चालू असताना बोल."

"हात चालू असताना त्याचं तोंड उघडं असतं. तो उत्तर कसं देणार?"

"मग विचारू नकोस."

मॅडम भांडणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांना पेशंटशी बोलायला जमायचं, नवऱ्याशी नाही. त्या हसल्या आणि मानेने हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच स्टूल ओढून बसल्या, गालाला हात लावून. साहेबांनी कोपऱ्यातून स्टॉपवॉच दाबलं. त्याचा तो टक आवाज पेशंटलाही ऐकू गेला. त्याने विचारलं, "ये क्या हुआ?"

मग साहेबांचीच दाढ दुखायला लागली. ते चार लोकांत सांगत की डॉक्टरच्या घरात राहून मी कधी खुर्चीत बसलो नाही. भीती वाटायची, दुसरं काही नाही. लवंग दाबून फिरायचे. शेवटी गाल सुजला, डोळा बारीक झाला, तेव्हा संध्याकाळी सगळे पेशंट गेल्यावर येऊन बसले. मी कापड बांधलं. साहेबांची मान ताठ, पायाचे अंगठे वर. मॅडमनी इंजेक्शन दिलं आणि नेहमीसारखा तळहात गालाला लावला. म्हणाल्या, "सावकाश. घाई नाही." साहेबांनी त्यांच्या ॲप्रनची कड मुठीत धरली होती. मॅडम थांबल्या, इतरांसाठी थांबायच्या त्याहूनही जास्त. मूठ सुटेपर्यंत थांबल्या. दाढ निघाली ती त्यांना कळलीसुद्धा नाही. तोंडात कापूस धरून ते खुर्चीतून उतरले, आरशात बघितलं, आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "दुखलं नाही गं अजिबात."

मॅडमचा चेहरा उजळला. मला वाटलं, चला, आता तरी यांना कळलं.

साहेब दारापर्यंत गेले, चपला पायांत सरकवल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पण वेळ फार लागला."

त्याच महिन्यात दुसरी खुर्ची आली.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती. मॅडम दुपारी तिथे पाठ टेकायच्या. दातांच्या डॉक्टरांची पाठ लवकर जाते, दिवसभर वाकून असतात. खोलीत एक दिवाण, एक टेबलफॅन, त्यांच्या आईचा फोटो. साहेबांनी दिवाण वर नेला, मधली भिंत फोडली आणि तिथे नवी खुर्ची बसवली. हिशोब सरळ होता. एका खुर्चीतला माणूस बधिर होईपर्यंत डॉक्टरने दुसऱ्या खुर्चीवर काम करायचं. मग इकडे यायचं, तिकडच्याला इंजेक्शन देऊन. थांबणं कोणालाच नको. पेशंट थांबेल, डॉक्टर नाही. साहेबांनी पेशंटच्या तोंडावर टाकायचं हिरवं कापडही शिवून घेतलं, मध्ये तोंडापुरतं भोक. मी ते आधीच टाकून ठेवायचं, म्हणजे मॅडम आल्या की सरळ काम सुरू. पेशंटचा कागद खुर्चीच्या हाताला टांगायचा.

मॅडमनी एवढंच विचारलं, "मला त्याचा चेहरा दिसणार नाही?"

साहेब म्हणाले, "तुला दात बघायचा आहे."

दवाखाना जोरात चालला. हे खरं आहे आणि साहेबांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे. साकेत नगरकडूनही लोक यायला लागले. साहेब आता फोनवर बसायचे. जुन्या पेशंटना स्वतः फोन लावायचे, आपको दिखाए छह महीने हो गए, कब आ रहे हैं. एकदा मी फरशी पुसत होते. साहेबांनी एका घरी फोन लावला. पलीकडून बाईने सांगितलं असणार की ते वारले, कारण साहेब "अच्छा, अच्छा। बहुत बुरा हुआ," म्हणाले. आणि मग विचारलं, "तो घर में और किसी को दिखाना है?"

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते चेष्टाही करत नव्हते आणि क्रूरही नव्हते. जागा रिकामी झाली होती, ती भरायची होती.

मॅडम बारीक होत चालल्या. दोन खुर्च्यांमध्ये चालून चालून त्यांच्या सपाता झिजल्या. पेशंटशी बोलणं तुटलं. कोणी काही सांगायला लागला की त्यांची मान आपोआप घड्याळाकडे जायची आणि मग त्या ओशाळायच्या. 'सावकाश, घाई नाही' हे शब्द मी त्यानंतर त्या दवाखान्यात ऐकले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

आता मिश्राजींचं सांगते.

रामदुलारे म्हणून एक क्रेन चालवणारा पोरगेला माणूस होता. त्याची खालची उजवी दाढ पार किडली होती, काढायचीच होती. त्याला पहिल्या खुर्चीत बसवून मॅडमनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या खुर्चीत मिश्राजी, त्याच शॉपचे चार्जमन, म्हणजे रामदुलारेचे वरचे साहेब. त्यांचीही उजवीकडची खालचीच दाढ, पण ती वाचणारी. खोल भोक होतं, ते भरायचं होतं. भरताना ठणकू नये म्हणून त्यांनाही इंजेक्शन दिलं. दोघांचे ओठ बधिर व्हायचे होते, तेवढ्यात साहेबांनी मॅडमना बाहेर बोलावलं. औषध कंपनीचा माणूस आला होता, त्याच्याशी बोलून घे म्हणाले. मला फोन धरायला सांगितलं. दोघींचे हात रिकामे होते ना.

मे महिना होता. पहिल्या खुर्चीवर कूलरचा वारा थेट यायचा, दुसरी खुर्ची मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. रामदुलारेने बघितलं की आपण गार वाऱ्यात पसरलो आहोत आणि आपले चार्जमन तिकडे घामाने भिजले आहेत. टाउनशिपमध्ये असं चालत नसे. बसमध्ये चार्जमन चढला की पोरं जागेवरून उठायची. कँटीनमध्ये तो आला की पंख्याखालचं टेबल सोडायची. रामदुलारे उठला आणि म्हणाला, "साहब, आप इधर आइए।" मिश्राजी नको नको म्हणाले असतील, ती पण रीत आहे. मग उठून कूलरसमोर बसले. रामदुलारे मागे गेला. हिरवी कापडं दोघांनी आपापली ओढून घेतली, तोंडावर टाकतात हे बघून ठाऊक होतं. कागद मात्र खुर्च्यांनाच टांगलेले राहिले.

मॅडम परत आल्या. घड्याळ बघितलं, कागद बघितला, कापडाच्या भोकातून दिसणारी किडलेली उजवी दाढ बघितली आणि चिमटा लावला. मिश्राजींना वाटलं, डॉक्टरनी आता काढायचंच ठरवलं असेल. बधिर तोंडाने आणि वर कापड असताना माणूस विचारणार काय? मी फोन ठेवून आत आले तेव्हा मॅडम जोर लावत होत्या. पार किडलेली दाढ लवकर सुटते. ही सुटेना. मॅडमचा हात मध्येच थांबला, हे मी बघितलं. पण तोवर ती हलली होती, परत बसवता येणार नव्हती. बाहेर आली ती अख्खी, लांब मुळांची. मॅडमनी ती ट्रेमध्ये ठेवली आणि दुसऱ्या हाताने कापड बाजूला केलं.

खाली मिश्राजींचा चेहरा होता.

मॅडमनी लपवलं नाही. कापूस दाबून धरत तिथल्या तिथे, मागच्या खोलीतल्या रामदुलारेला ऐकू जाईल असं सांगितलं की मिश्राजी, मैंने आपका गलत दाँत निकाल दिया, ये बच सकता था. रामदुलारे धावत आला आणि रडायलाच लागला. मेरी गलती है, मेरी गलती है, करत राहिला. मिश्राजी सभ्य माणूस. हाताने खुणावून म्हणाले की जाऊ द्या, दातच तर आहे. त्यांच्या त्या सभ्यपणानेच मॅडम आतून मेल्या, असं मला वाटतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक गेल्यावर साहेबांनी मॅडमना विचारलं, "सांगायची काय गरज होती? त्याला कळलं नव्हतं."

मॅडम हात धूत होत्या. कितीतरी वेळ धूत होत्या.

साहेब मग शांतपणे समजावायला लागले. ते ओरडणारे नव्हते. म्हणाले, "हे बघ, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. आम्ही कारखान्यात हेच शिकलो. आपण पद्धत सुधारू. पेशंटच्या मनगटाला फीत बांधू. लाल म्हणजे दात काढायचा, हिरवी म्हणजे भरायचा. मग खुर्ची बदलली तरी बिघडत नाही."

मॅडमनी ॲप्रन काढला. भिंतीवरच्या फळीवर चिमट्याचा पांढरा आकार रिकामा होता. त्या खिळ्याला त्यांनी ॲप्रन अडकवला आणि जिन्याने वर गेल्या. खाली दवाखान्यात त्या पुन्हा आल्या नाहीत.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी फिती आणल्या.

काही दिवस त्यांना वाटलं रुसवा आहे, उतरेल. मॅडमबद्दल विचारणाऱ्या पेशंटना ते सांगायचे की मॅडम कॉन्फरन्सला गेल्या आहेत. मॅडम वर बाल्कनीत मेथी निवडत बसलेल्या असायच्या, पेशंटला बाहेरून दिसायच्याही. मग साहेबांनी दोन तरुण डॉक्टर ठेवले. हुशार पोरं, हात झपाझप चालायचा. दवाखाना आधीपेक्षाही वाढला. बाहेरची पाटी तीच राहिली, डॉक्टर सुमती दाणी. नवीन पाटीला खर्च कशाला, आणि नावाला मान होता. मी काम सोडलं नाही. सोडून खाणार काय होते? लाल फिती मीच बांधत होते. तो चिमटा पुन्हा दिसला नाही, रिकामा आकार भरायला साहेबांनी तसाच नवा आणला, आणि ॲप्रन मी घरी नेऊन धुऊन मॅडमना दिला. त्यांनी तो घेतला आणि देवळीत भांडी पुसायला टाकला.

मी वर चहाला जायचे कधी कधी. मॅडम कारखान्याबद्दल, पेशंटबद्दल काही विचारत नसत. एकदाच म्हणाल्या, "गिरजा, मिश्राजींनी पलीकडची दाढ नीट ठेवली आहे का गं? एका बाजूने चावून ती पण जाते." मी म्हटलं, बघते. मिश्राजी नंतर दवाखान्यात आलेच नाहीत, तर बघणार कुठून.

माझे गुडघे गेले तेव्हा मी काम सोडलं. पुढे कळलं मॅडमना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हबीबगंजला मुलीकडे राहायला गेले होते मी, तिथून ऑटो करून बघायला गेले. त्याच भेटीचं सांगते आणि संपवते, कारण त्यानंतर मी साहेबांना भेटले नाही. मॅडम लवकरच गेल्या. साहेब पुढे बरीच वर्षं राहिले आणि दवाखानाही.

मी गेले तेव्हा जेवणाची वेळ होती. खाली दोन्ही खुर्च्या चालू होत्या. वर साहेब मॅडमना भरवत होते. बाई ठेवली नव्हती, स्वतः करत होते, हेही लिहायला हवं. मॅडमना उशांना टेकवून बसवलं होतं, गळ्यात कापड व्यवस्थित बांधलेलं. साहेब उभेच. ताटात पातळ खिचडीचे चमचे आधीच भरून ओळीने ठेवले होते, म्हणजे एक तोंडात गेला की दुसरा तयार. गळ्यात स्टॉपवॉच.

मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. म्हणाले, "या गिरजाबाई. बघा, सुरुवातीला जेवायला तासनतास लागायचे. आता निम्म्यावर आणलं आहे. अजून कमी होईल." त्यांचा चेहरा दुसरी खुर्ची आली तेव्हा होता तसाच होता.

मॅडमचा उजवा गाल फुगलेला होता. घास तिथेच साठत होता. डोळे माझ्याकडे.

खालून कोणीतरी हाक मारली, फोन आला होता. साहेबांनी पुढचा चमचा मॅडमच्या ओठांशी नेला, आत रिकामा केला आणि ताट माझ्याकडे देऊन म्हणाले, बाकीचे तुम्ही द्या, मी आलो. जाताना गळ्यातलं घड्याळ काढून पलंगावर ठेवून गेले, चालू.

मी बाजूची वाटी घेतली आणि मॅडमच्या हनुवटीखाली धरली. ते मला सांगावं लागत नव्हतं, माझं आयुष्य त्यातच गेलं. मॅडमनी सगळं वाटीत सोडलं. मी तोंड पुसलं. मग स्टूल ओढून बसले आणि तळहात त्यांच्या गालाला लावला. म्हटलं, "सावकाश. घाई नाही."

त्यांना दम खाऊ दिला. मग चमच्याचं नुसतं टोक दिलं. ते गिळायला त्यांना किती वेळ लागला मला माहीत नाही, मी बघितलं नाही. गिळलं की घसा हलायचा, मग पुढचं. दोन-तीन घास झाले असतील.

साहेब आले. चमच्यांची ओळ तशीच होती. त्यांनी पलंगावरचं घड्याळ उचललं, बघितलं आणि मान हलवली. म्हणाले, "गिरजाबाई, इतक्या दिवसांची मेहनत मागे नेलीत तुम्ही."

मी वाटी घेऊन उठले. मॅडमच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती हसली. दवाखान्यात पेशंटची मूठ सुटली की हसायच्या तशी.

साहेब घड्याळाची किल्ली फिरवत होते.